मऊ स्पंजातली कानस

मेलामाइन स्पंजाच्या, म्हणजे बूट आणि घरातले डाग घासून काढायच्या मऊ वडीच्या वेष्टनावर बहुधा तीन दावे असतात. तो 'नॅनो' आहे, त्यात 'केमिकल' नाही, आणि तो नुसत्या पाण्याच्या मदतीने डाग 'ओढून घेतो'. तिन्ही चुकीचे आहेत. या स्पंजातल्या सर्वांत बारीक काड्यासुद्धा काही मायक्रोमीटर, म्हणजे काही हजार नॅनोमीटर जाडीच्या असतात. तो अथपासून इतिपर्यंत रसायनच आहे, आणि ज्या पाण्यात तो बुडवायचा तेही रसायनच आहे. राहिला तिसरा दावा. हा स्पंज डाग ओढत नाही, तासतो. एवढं नीट लक्षात आलं की कुठला बूट उजळेल आणि कुठला कायमचा बिघडेल, हे स्पंज ओला करण्याआधीच सांगता येतं.

मेलामाइन पहिल्यांदा तयार केलं ते जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी, १८३४ मध्ये. तीन कार्बन आणि तीन नायट्रोजन आळीपाळीने गुंफलेलं सहा अणूंचं कडं, आणि प्रत्येक कार्बनला लटकलेला एक अमाइन गट (एक नायट्रोजन आणि दोन हायड्रोजन), अशी त्याची रचना. रेणूच्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग नुसता नायट्रोजन असतो. (२००८ मध्ये चीनमध्ये दुधात मेलामाइन मिसळलं गेलं ते याचसाठी. प्रथिनं मोजण्याची रूढ चाचणी प्रत्यक्षात नायट्रोजन मोजते, आणि ती फसली.) या तीन अमाइन गटांना फॉर्माल्डिहाइडने एकमेकांशी जोडत नेलं की सगळीकडून बांधलेलं त्रिमित जाळं तयार होतं. असं जाळं, म्हणजे मेलामाइनची राळ (रेझिन), तापवलं तरी वितळत नाही आणि फार वाकवलं तर मोडतं. मेलामाइनच्या ताटल्या याच कुळातल्या. त्याच राळेचा फेस करून तो कडक होऊ दिला की आपला स्पंज होतो. जर्मनीतली बीएएसएफ ही कंपनी 'बासोटेक्ट' या नावाने हा फेस बनवत होती तो मुळात ध्वनिशोषण आणि उष्णतारोधनासाठी. घासण्याचा गुण पुढे लक्षात आला, आणि अमेरिकेत २००३ मध्ये 'मिस्टर क्लीन मॅजिक इरेजर' बाजारात आल्यावर तो घरोघरी पोचला.

फॉर्माल्डिहाइड हे नाव वाचून घाबरवणारे संदेश तेव्हापासून फिरत आहेत. घटकांमध्ये 'फॉर्माल्डिहाइड-मेलामाइन-सोडियम बायसल्फाइट कोपॉलिमर' असं लिहिलेलं असतं, म्हणून स्पंजात विषारी वायू भरलेला आहे असा निष्कर्ष काढला जातो. कोपॉलिमर या शब्दाचा अर्थच असा की हे घटक एकमेकांशी रासायनिक बंधांनी जोडले गेलेले आहेत. फॉर्माल्डिहाइडचा कार्बन आता दोन मेलामाइनांमधला पूल झालेला असतो. स्पंजाने त्वचा भाजल्यासारखी लाल होते हे मात्र खरं आहे. त्याचं कारण घर्षण. त्वचेचा वरचा थर खरवडला जातो, तोही जळजळ सुरू होईपर्यंत पत्ता न लागता. त्यामुळे हा स्पंज अंगाला लावायचा नाही, लहान मुलांच्या तर मुळीच नाही.

आता मुख्य प्रश्न. इतका मऊ पदार्थ तासतो कसा? तो दाबला की दबतो, बोटाला टोचत नाही.

फेस म्हणजे एकमेकांना चिकटलेले बुडबुडे. साबणाच्या फेसाकडे नीट पाहिलं तर तीन पापुद्रे एका कडेवर भेटतात आणि एकमेकांशी १२० अंशांचा कोन करतात. अशा चार कडा एका बिंदूत भेटतात, तिथला कोन सुमारे १०९.५ अंशांचा. हे नियम एकोणिसाव्या शतकात बेल्जियन भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ प्लॅटो यांनी मांडले. पापुद्रे भेटतात त्या कडेत द्रव साचतो, कारण पृष्ठताणामुळे तिथला दाब कमी असतो आणि पापुद्र्यांमधला द्रव तिकडे खेचला जातो. मग पापुद्रे पातळ होत फुटतात आणि कडा तेवढ्या उरतात. मेलामाइनच्या फेसात हेच घडतं, फक्त उरलेल्या कडा कडक होतात. शेवटी हातात राहतो तो काड्यांचा पिंजरा. सगळ्या खोल्या एकमेकींत उघडणाऱ्या, भिंत जवळजवळ कुठेच नाही.

यातली सगळ्यात सुंदर गोष्ट म्हणजे काडीचा आडवा छेद. तो गोल नसतो. तीन बुडबुड्यांच्या मधली जागा ती, त्यामुळे छेद त्रिकोणी येतो आणि त्याच्या तिन्ही बाजू आत वळलेल्या असतात. बाजू आत वळल्या की कोपरे अणकुचीदार होणारच. म्हणजे प्रत्येक काडीला तीन धारा. पृष्ठताणाने घासून दिलेली ही तिधारी कानस, आणि एका स्पंजात अशा लाखो.

मग हाताला ती मऊ का लागते? या फेसाची घनता घनमीटरला साधारण ९ किलो असते आणि भरीव राळेची सुमारे १५००. म्हणजे स्पंजाच्या आकारमानात घन पदार्थ जेमतेम ०.६ टक्के, बाकी हवा. १० × ६ × २ सेंटिमीटरच्या वडीचं वजन त्या हिशेबाने एक ग्रॅमच्या जरासं वर भरतं. दाब दिला की काड्या आखडत नाहीत, वाकतात, आणि बारीक काडी वाकवायला फार कमी बळ पुरतं. अशा उघड्या फेसाचा ताठपणा त्यातल्या घन भागाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ०.००६ चा वर्ग ०.००००३६. म्हणजे फेस भरीव राळेपेक्षा ढोबळमानाने अठ्ठावीस हजार पट मऊ. पण हा मऊपणा अख्ख्या पिंजऱ्याचा आहे. पृष्ठभागाला जे टेकतं ते एकेका काडीचं टोक, आणि ते भरीव राळेइतकंच कठीण असतं. पिंजरा लवचीक असल्याने तो खाचाखोचांवर बसतो, आणि काही मायक्रोमीटरची टोकं फडक्याच्या धाग्याला न पोचणाऱ्या खळग्यांत उतरतात.

शिवाय ही कानस बोथट होत नाही. पॉलिशपेपर वापरता वापरता मळाने भरतो आणि त्याचे कण गुळगुळीत होतात. इथे काडी ठिसूळ असल्याने झिजण्याआधी मोडते, मोडलेल्या जागी नवी धार उघडी पडते आणि तुकडा मळ घेऊन निघून जातो. स्पंज खोडरबरासारखा संपत जातो तो यामुळेच.

कानस म्हटली की प्रश्न येतो कठीणपणाचा. कडक मेलामाइन राळ मोह्‌स मापनपट्टीवर, म्हणजे कोण कुणावर ओरखडा काढतो यावरून ठरवलेल्या १ ते १० च्या पट्टीवर, ४ च्या आसपास बसते. काच ५.५ ची, म्हणून साध्या काचेवर ओरखडा उठत नाही. नळाच्या पाण्यातून साचणारा चुन्याचा थर म्हणजे कॅल्साइट, ३. म्हणून काचेवरचा पांढुरका थर निघतो आणि काच शाबूत राहते. अॅक्रिलिक, तांबं, अॅल्युमिनियम, सोन्याचा मुलामा हे सगळे ३ च्या आसपास किंवा खाली, त्यांच्यावर ओरखडे उठतातच. मेलामाइनच्या चकचकीत ताटल्या तर स्पंजाच्या सख्ख्या बहिणी. कठीणपणा सारखाच, म्हणून त्यांचीही झिलई जाते. दातांचं एनॅमल ५ चं आहे, ही आकडेवारी वाचून कुणी दात पांढरे करायला हा स्पंज वापरू नये. समाजमाध्यमांवर तसे व्हिडिओ फिरून गेले आहेत. हिरडी आणि दाताच्या मुळाजवळचं उघडं डेंटीन (एनॅमलच्या आतला थर) एनॅमलपेक्षा खूपच मऊ असतं.

झिलई जाते म्हणजे नेमकं काय होतं, हेही मोजता येतं. पृष्ठभागावरचे उंचवटे प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने फार लहान असले तर प्रकाश आरशासारखा परततो, मोठे असले तर विखुरतो. पृष्ठभाग कधी गुळगुळीत म्हणायचा हे ठरवणारा रॅलेचा निकष सांगतो की उंचवटा, तरंगलांबीला ८ गुणिले कोसाइन थीटा याने भागून येणाऱ्या अंतरापेक्षा कमी हवा. थीटा म्हणजे लंबाशी प्रकाशाने केलेला कोन. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रोमीटर धरली, तर सरळ समोरून पाहताना ही मर्यादा ०.०७ मायक्रोमीटर येते, ६० अंशांवर दुप्पट आणि ८० अंशांवर जवळजवळ ०.४. म्हणजे तिरकं पाहिलं तर ओरखडलेला पृष्ठभागही चकाकतो. स्पंजाची चाचणी घेताना दिव्याचं प्रतिबिंब शक्य तितकं समोरून पाहा. ते धुरकट दिसलं, की तिथे थांबायचं.

बुटांच्या बाबतीत हे सगळं कामाला येतं. स्पंजाचं खरं क्षेत्र म्हणजे सोलची पांढरी रबरी कड. तिथले काळे फराटे हे बहुतेकदा दुसऱ्या रबराचा किंवा प्लास्टिकचा वर चिकटलेला पातळ थर असतात. साबण तेलकट मळ पाण्यात उचलून नेतो, पण रबर-प्लास्टिकसारख्या बहुलकाच्या (पॉलिमरच्या) थराला तो काहीच करू शकत नाही. तिथे तासणंच लागतं. आधी चिखल पूर्ण वाळू द्या आणि कोरड्या ब्रशने झाडून टाका. ही पायरी गाळली तर वाळूचे कण स्पंजात अडकतात, आणि वाळू म्हणजे क्वार्ट्झ, ७ च्या कठीणपणाचा. मग तेलकटपणा साबणाच्या पाण्याने काढून पुसून घ्या, नाहीतर पिंजरा तेलाने भरतो आणि मळ नुसता पसरतो. वडीचा एक-तृतीयांश तुकडा कापा, साध्या पाण्यात बुडवा आणि दोन तळव्यांत दाबून पाणी काढा. पिळू नका, पीळ दिला की काड्या मोडून तुकडे पडतात. थेंब गळायचे थांबले की ओल पुरेशी झाली. कोरडा वापरला तर भुगा जास्त होतो आणि ओरखडे खोल जातात. पाणी वंगणाचं काम करतं आणि सुटलेला मळ वाहून नेतं.

हात हलका ठेवा. जोर दिला की पिंजरा कोसळतो, डागावर पडायची ती धार स्पंज मोडण्यात खर्च होते, आणि डाग लवकर निघत नाही. पाच-सात फेऱ्या मारल्यावर बाजू बदला, ओल्या फडक्याने पुसून पाहा. सोलच्या कडेवर रंग दिलेला असेल, तर आधी टाचेच्या आतल्या बाजूला तपासा. रंग स्पंजावर उतरत असेल तर हे काम त्याचं नव्हे. पिवळी पडलेली सोलही त्याने पांढरी होत नाही. ते पिवळेपण म्हणजे ऑक्सिजन आणि अतिनील किरणांनी पदार्थातच झालेला बदल, वर बसलेला मळ नव्हे. कितीही तासलं तरी खाली तेच.

बुटाच्या वरच्या भागाला मात्र जपायला हवं. गुळगुळीत चामड्यावर रंगाचा आणि संरक्षक लेपाचा जो थर असतो तो कित्येकदा केसाच्या जाडीइतकाही नसतो. स्पंज डागाबरोबर तोही नेतो. पहिल्या वेळी चामडं छान स्वच्छ दिसतं, पुढे त्याच जागी पाणी मुरतं आणि डाग लवकर धरतात. लेप नसलेलं चामडं, स्वेड आणि नुबक (मखमलीसारखी लव असलेली चामडी) यांना तर स्पर्शही नको, त्यांची लव जाते किंवा चट्टा पडतो. पेटंट लेदरची, म्हणजे चकचकीत लेपाच्या चामड्याची, चकाकी एका फेरीत मरते. कॅनव्हास आणि जाळीच्या कापडात धागे काड्यांना पकडतात, स्पंज फाटतो आणि विणीत पांढरा भुगा अडकून बसतो. त्यांना मऊ ब्रश आणि साबणाचं पाणीच बरं.

घरात पाहायची गोष्ट तीच, वरचा थर किती जाड आणि किती कठीण. चिनी मातीच्या कपातले चहाचे डाग, काचेचे दरवाजे, झिलईदार टाइल्स, पांढऱ्या खिडक्यांच्या प्लास्टिकच्या चौकटी इथे तो उत्तम चालतो (सोनेरी काठाचा कप सोडून). भिंतीवरची खडूची रेघोटी निघते, पण मॅट रंग घासलेल्या जागी चमकतो आणि चकचकीत रंग तिथे निस्तेज होतो, दोन्ही वेळा चट्टा दिसतो. नॉनस्टिक भांडी, गाडीचा रंग, अॅक्रिलिकचे टब, चष्म्याच्या काचा आणि फोनचे पडदे यांना हा स्पंज लावू नये. शेवटच्या दोन्हींत काच किंवा प्लास्टिक टिकेलही, पण त्यांवरचे लेप मायक्रोमीटरच्या अंशात मोजायचे असतात. कळफलक घासला तर अक्षरं पुसली जाऊ शकतात. क्लोरीनचं ब्लीच, तीव्र आम्ल किंवा उकळतं पाणी स्पंजाबरोबर वापरू नका. राळेचं जाळं आम्लाने आणि उष्णतेने तुटू लागतं.

मोडलेले तुकडे शेवटी जातात कुठे? २०२४ मध्ये 'एन्व्हायर्न्मेंटल सायन्स अँड टेक्नॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खडबडीत धातूवर स्पंज घासून हे तुकडे मोजले गेले. झिजलेल्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे ६५ लाख सूक्ष्म प्लास्टिक तंतू निघाले. दाट स्पंज हळू झिजतात आणि कमी तंतू सोडतात, हेही त्यात दिसलं. काडी मोडणं हेच या स्पंजाचं काम असल्याने तंतू पूर्ण टाळता येणार नाहीत, कमी नक्कीच करता येतात. दोन वड्या हातात घेऊन जड वाटेल ती निवडा. साबणाने निघणाऱ्या डागाला स्पंज लावू नका. घासून झाल्यावर पृष्ठभाग नळाखाली धरण्याआधी कागदाने पुसा, आणि तो कागद व उरलेला तुकडा दोन्ही सुक्या कचऱ्यात टाका. जेवणाखाण्याची भांडी मात्र पुसल्यानंतर धुवावीच लागतात.