खालच्या श्रेणीतील चषकविजेते आणि खंडीय स्पर्धांतील प्रवेश

देशाच्या बाद पद्धतीच्या मुख्य चषक स्पर्धेत दुसऱ्या किंवा त्याहून खालच्या श्रेणीतला क्लब जिंकला, तर त्याला युरोप, आशिया किंवा दक्षिण अमेरिकेच्या स्पर्धेत उतरू द्यावे का, हा फुटबॉलमधला जुना वाद आहे. ज्या चषकाला खंडीय जागा जोडलेली असते, तिथे ती जागा साधारणपणे विजेत्याची असते. तो कुठल्या श्रेणीत खेळतो हे कोणी विचारत नाही. तक्रार येते ती लीगमधून. ३८ सामने खेळून सातवा आलेला संघ घरी बसतो आणि सहा-सात सामने जिंकलेला दुय्यम श्रेणीचा क्लब विमानात बसतो, हे अनेकांना पटत नाही.

युरोपात चषकविजेत्यांसाठी स्वतंत्र स्पर्धा १९६०-६१ ते १९९८-९९ चालली. संडरलंड (१९७३), साउथम्प्टन (१९७६) आणि वेस्ट हॅम (१९८०) यांनी दुसऱ्या श्रेणीत असताना इंग्लंडचा एफए कप जिंकला आणि तिघेही या स्पर्धेत खेळले. साउथम्प्टन व वेस्ट हॅम उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचले. वेस्ट हॅमला हरवणारा दिनामो तिब्लिसी त्या वर्षी विजेताच ठरला, म्हणजे हरण्यात लाजिरवाणे काही नव्हते. वेस्ट हॅमची पहिली लढत कास्तियाशी झाली. कास्तिया हा रेआल माद्रिदचा राखीव संघ. स्पेनचा चषक कोपा देल रे, त्याच्या अंतिम सामन्यात तो मुख्य संघाकडून ६-१ असा हरला, पण उपविजेता म्हणून युरोपात आला. दोन्ही क्लब आपापल्या देशात दुसऱ्या श्रेणीतले! माद्रिदमधल्या प्रेक्षकांच्या गोंधळामुळे लंडनचा परतीचा सामना रिकाम्या मैदानावर खेळवला गेला आणि वेस्ट हॅमने तो जादा वेळेत ५-१ जिंकला. स्पेनने १९९०-९१ पासून राखीव संघांना कोपा देल रेमधून वगळले, ते योग्यच केले.

ब्राझीलमध्ये धोका अधिक, कारण तिथे चषकाला थेट लिबेर्तादोरेसची, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या मुख्य क्लब स्पर्धेची, जागा मिळते. सांतो आंद्रेने २००४ मध्ये माराकानावर फ्लामेंगोला २-० हरवले, तर पुढच्या वर्षी पाउलिस्ताने फ्लुमिनेन्सेला नमवले. दोघेही दुसऱ्या श्रेणीतले. लिबेर्तादोरेसमध्ये दोघेही साखळीतच बाद झाले, तरी पाउलिस्ताने घरच्या मैदानावर रिव्हर प्लेटला हरवले. त्याआधी क्रिसिउमाने १९९१ चा चषक जिंकून १९९२ मध्ये उपांत्यपूर्व फेरी गाठली होती.

उपविजेत्याचा प्रश्न वेगळा आहे. विजेता लीगमधूनच पात्र ठरला असेल, तर पूर्वी चषकाची जागा हरलेल्या संघाकडे सरकत असे. मिलवॉल (२००४) आणि स्कॉटलंडचा ग्रेटना (२००६) असेच युरोपात गेले. ग्रेटनाचे मैदान लहान, म्हणून ‘घरचा’ सामना मदरवेलच्या फर पार्कवर झाला आणि डेरी सिटीने तिथे ५-१ धुव्वा उडवला. दोन वर्षांत ग्रेटना क्लबच बुडाला. उलट इटलीच्या दुसऱ्या श्रेणीतला अटलांटा १९८७-८८ मध्ये उपविजेता म्हणून आला आणि उपांत्य फेरीपर्यंत गेला, पण पहिल्याच फेरीच्या दोन सामन्यांपैकी एकात वेल्सच्या मर्थर टिडफिलकडून २-१ मार खाऊन. २०१५-१६ पासून युएफाने (युरोपीय फुटबॉल महासंघाने) उपविजेत्याची वाट बंद केली आणि अशी जागा लीगकडे वळवली. अटलांटासारखा अपवाद असूनही हा निर्णय बरोबर वाटतो. अंतिम सामना हरणे ही पात्रता नव्हे.

परवाना

खरी चाळणी श्रेणीची नाही, क्लब परवान्याची आहे. आशियात क्लबची तपासणी पाच बाबतीत होते: खेळ (युवा संघांसह), पायाभूत सुविधा, कर्मचारी व प्रशासन, कायदेशीर बाजू आणि आर्थिक बाजू. प्रत्येक निकषाला अ, ब किंवा क दर्जा असतो. ‘अ’ हुकला की परवाना नाही, ‘ब’ हुकला तर दंड किंवा ताकीद होते, पण परवाना मिळू शकतो, ‘क’ ऐच्छिक. अर्ज राष्ट्रीय महासंघाकडे जातो, निर्णय पहिली समिती घेते, त्यावर अपील समिती असते.

खालच्या श्रेणीतला क्लब इथेच अडकतो. त्याची तपासणी एरवी होतच नाही, झालीच तर सौम्य निकषांवर. चषक जिंकल्यावर महासंघाला त्याच्यासाठी विशेष अर्ज करावा लागतो आणि हाती काही आठवडेच उरतात. लेखापरीक्षित हिशेब तयार नसतात, खेळाडूंचे पगार थकलेले निघतात, प्रशिक्षकाकडे ‘प्रो’ हा वरच्या दर्जाचा प्रशिक्षण परवाना नसतो. म्हणून शहाणा क्लब उपांत्य फेरी गाठताच कागद जमवायला घेतो. पोर्ट्समथ २०१० मध्ये एफए कपचा उपविजेता होता, पण दिवाळखोरीच्या प्रक्रियेत अडकल्याने परवाना मिळाला नाही आणि जागा लिव्हरपूलकडे गेली.

युरोपात खेळाडूंच्या यादीचाही फास बसतो. मुख्य यादीत कमाल २५ नावे. त्यांतल्या ८ जागा देशात घडलेल्या खेळाडूंसाठी राखीव आणि या आठांत किमान ४ जण त्याच क्लबमध्ये १५ ते २१ या वयात तीन हंगाम घडलेले हवेत. तसे खेळाडू नसतील तर जागा रिकाम्या राहतात. दुय्यम श्रेणीत दर वर्षी उसनवारीवर संघ उभा करणाऱ्याला हा फटका मोठा.

कोफू आणि मुंबई

या वादाचा सर्वांत बोलका पुरावा आशियात, २०२३-२४ च्या एकाच हंगामात मिळतो. जपानचा व्हेंटफोरेट कोफू २०२२ मध्ये दुसऱ्या श्रेणीत २२ संघांत १८वा होता. १६ ऑक्टोबर २०२२ ला त्याने सम्राट चषकाच्या अंतिम सामन्यात सान्फ्रेचे हिरोशिमाशी १-१ बरोबरी साधली. जादा वेळेत हिदेओमी यामामोतोच्या हाताला चेंडू लागून पेनल्टी गेली. गोलरक्षक कावाताने ती अडवली. मग शूटआउटमध्ये शेवटची, निर्णायक पेनल्टी त्याच यामामोतोने मारली. त्याचे वय ४२. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये कोफूचे स्वतःचे मैदान निकषांत बसले नाही, म्हणून घरचे सामने टोकियोच्या राष्ट्रीय स्टेडियमवर झाले. इतर जपानी क्लबांचे पाठीराखेही तिथे गर्दी करू लागले. मेलबर्न सिटी, झेजियांग आणि बुरिराम असलेल्या गटात कोफू ११ गुणांसह पहिला आला आणि नंतर उल्सानकडून बाद झाला.

त्याच हंगामात मुंबई सिटी एफसी भारताच्या सर्वोच्च लीगचा साखळी विजेता म्हणून उतरला होता. अंधेरीचे मुंबई फुटबॉल अरेना आशियाई निकषांत बसत नव्हते. घर सुमारे दीडशे किलोमीटर दूर, पुण्याच्या बालेवाडीत हलवावे लागले आणि सौदी अरेबियाच्या अल हिलालशी ६ नोव्हेंबरचा सामना नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला. मुंबईने सहाही सामने गमावले. परक्या मैदानाची अडचण दोघांनाही होती. एक १८वा, दुसरा अव्वल, आणि निकाल असे उलटे.

दुसरे टोकही नोंदवायला हवे. कोरियाच्या दुसऱ्या श्रेणीतला जेओन्नाम २०२१ चा चषक जिंकून २०२२ च्या चॅम्पियन्स लीगमध्ये गेला आणि साखळीतच बाद झाला.

वेळापत्रक आणि गुणांकन

विगनने २०१३ मध्ये मँचेस्टर सिटीला हरवून एफए कप जिंकला आणि तीनच दिवसांनी प्रीमियर लीगमधून घसरला. पुढच्या हंगामात दुय्यम लीगचे ४६ सामने आणि वर युरोपा लीगचे सहा गुरुवार. गटात विगन ५ गुणांसह तळाशी राहिला, डिसेंबरमध्ये प्रशिक्षक पायउतार झाला, बढतीच्या प्लेऑफमध्येही उपांत्य फेरीत हार झाली. याउलट बर्मिंगहॅमने २०११-१२ मध्ये तशाच स्थितीत गटात १० गुण मिळवले.

दुबळा संघ पाठवला तर देशाचे गुणांकन, म्हणजे युरोपीय स्पर्धांतल्या जागा ठरवणारे गुण, घसरते, असे म्हणतात. युएफा मुख्य फेरीत विजयाला २, बरोबरीला १ गुण देते (पात्रता फेरीत निम्मे), बेरजेला देशाच्या क्लबसंख्येने भागते आणि पाच हंगाम मोजते. सात क्लबांच्या देशात एका विजयाचे मोल सुमारे ०.२९. मोठ्या देशाला एक लहान क्लब फारसा जड जात नाही. चार-पाच क्लबांच्या देशाला जातो.

भारतात

भारतात हा प्रश्न अजून कागदावरच आहे. सुपर चषकात वरच्या लीगबरोबर दुसऱ्या श्रेणीच्या आय-लीगचे क्लबही खेळत आले आणि विजेत्याला आशियाई जागा मिळत आली: ओडिशा २०२३, ईस्ट बंगाल २०२४, एफसी गोवा २०२५, तिघेही वरच्या लीगचे. पात्रता फेरीत ईस्ट बंगाल तुर्कमेनिस्तानच्या अल्तिन असीरकडून घरीच ३-२ हरला. गोव्याने अल सीबला २-१ नमवून गट गाठला. मुंबईच्या केंकरे एफसीने २०२१-२२ व २०२२-२३ असे दोन हंगाम आय-लीग खेळली. अशा क्लबाने सुपर चषक जिंकलाच, तर कूपरेजवर आशियाई सामना होणार नाही; अर्जासोबत दुसऱ्या स्टेडियमचा करार जोडावा लागेल.