कॉम्बो घ्यायचा की जीपीएस वेगळा आणि फिश फाइंडर वेगळा?

१ जूनला मासेमारी बंद झाली, बोटी वर ओढून शाकारल्या की बंदरावर हा विषय निघतोच. नवीन मशीन बसवायचंय, दुकानदार म्हणतो कॉम्बो घ्या, जीपीएस आणि फिश फाइंडर एकाच डब्यात, आणि शेजारच्या बोटीचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा प्रमुख, म्हणतो वेड लागलंय का, दोन वेगळे घे. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात कारण दोघांच्या डोळ्यासमोर बोट वेगळी असते.

आधी दोन मशीनचं काम नीट समजून घेऊ. जीपीएस प्लॉटर म्हणजे नकाशावर बोटीची जागा दाखवणारं मशीन, त्याचं सगळं लक्ष वर, सॅटेलाइटकडे. तुम्ही कुठे आहात, किती स्पीडने, कुठल्या दिशेला चाललाय एवढंच त्याला कळतं, खाली पाणी आहे की मासा की खडक याची त्याला काहीच खबर नाही. नकाशावर खोलीचे आकडे दिसतात ते कुणीतरी आधी मोजून ठेवलेले, आणि तेही ओहोटीच्या अगदी खालच्या पातळीपासून धरलेले. फिश फाइंडर म्हणजे इको साउंडर, तो बोटीच्या तळाला बसवलेल्या ट्रान्सड्यूसरमधून, म्हणजे आवाज सोडणाऱ्या आणि परत ऐकणाऱ्या भागातून, आवाज सोडतो, तो आवाज समुद्राच्या पाण्यात सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, समुद्राच्या तळाला आपटून परत येतो आणि लागलेल्या वेळावरून खोली निघते. ३० मीटर पाण्यात हे सगळं ०.०४ सेकंदात होतं. पण त्याला बोट कुठे आहे हे माहीत नसतं.

म्हणून नकाशावर १० मीटर आणि साउंडरवर १२ मीटर दिसलं की मशीन बिघडलं म्हणून ओरडू नका. भरती असेल तर फरक पडणारच, शिवाय साउंडर ट्रान्सड्यूसरपासून मोजतो, पाण्याच्या वरच्या पातळीपासून नाही, तो फरक सेटिंगमध्ये भरावा लागतो. आणि जुन्या माणसांना वावात आकडा हवा असेल तर बऱ्याच मशीनमध्ये फॅदम निवडता येतं, एक वाव म्हणजे साधारण १.८ मीटर.

आता खरी गोंधळाची जागा. खोक्यावर ‘जीपीएस फिश फाइंडर’ लिहिलेलं असतं आणि माणूस कॉम्बो समजून घेऊन येतो. स्वस्त मॉडेलमध्ये जीपीएस असतं पण नकाशा नसतो, कार्ड टाकायची सोयही नसते. कोऱ्या पडद्यावर तुमचा ट्रॅक, म्हणजे आलेला मार्ग, आणि तुम्ही टाकलेले पॉइंट, म्हणजे खूण करून ठेवलेल्या जागा, बस. आपल्या रोजच्या खाडीतून जाऊन यायला ते चालतं, पण अनोळखी बंदरात रात्री शिरायला नाही. खरा कॉम्बो म्हणजे चार्टप्लॉटर (समुद्राचा नकाशा, म्हणजे चार्ट, दाखवणारा प्लॉटर) अधिक साउंडर, आणि त्यातही आपल्या किनाऱ्याचा चार्ट आत आहे की वेगळा विकत घ्यायचाय, ट्रान्सड्यूसर खोक्यात आहे की नाही, हे पैसे देण्याआधी विचारा.

कॉम्बोचा खरा फायदा जागा वाचते हा नाही, तो बोनस. फायदा आहे पॉइंट मारण्यात. समजा दोन मशीन वेगळी आहेत, ८ नॉटने चाललाय, साउंडरच्या स्क्रीनवर तळाशी दाट लाल ठिपका आला, तुम्ही ओरडून खलाशाला सांगितलं, तो जीपीएसकडे गेला, बटण दाबलं, यात १० सेकंद गेले. ८ नॉट म्हणजे सेकंदाला ४ मीटर, म्हणजे पॉइंट पडला ४० मीटर पुढे. मोठ्या थव्याला चालेल, पाण्याखालच्या छोट्या खडपाला, म्हणजे खडकाळ जागेला, नाही, तिथे जाळं नेमकं कुठून टाकायचं हेच चुकतं. बऱ्याच कॉम्बोमध्ये इकोच्या चित्रात मागे जाऊन त्या ठिपक्यावर कर्सर ठेवायचा आणि तिथेच पॉइंट मारायचा, मशीनला त्या क्षणाची जागा आधीच माहीत असते. हे एकदा वापरलेला माणूस परत वहीत अक्षांश-रेखांश लिहायला तयार होत नाही.

पण सगळं एकाच पडद्यावर, हेच त्याचं वाईटही आहे. ७ इंची पडदा अर्धा केला की चार्टही छोटा, इकोही छोटा, आणि इकोचं चित्र छोटं झालं की सगळ्यात आधी जातो तो तळाचा बारीक तपशील. चिखलाचा तळ पातळ आणि फिका दिसतो, खडकाचा जाड आणि ठळक, कधी खाली दुसरी रेघही उमटते, आणि ट्रॉलवाल्याला, म्हणजे तळावरून जाळं ओढणाऱ्याला, नेमका हाच फरक हवा असतो कारण खडपावर जाळं अडकलं तर तो दिवस गेला म्हणून समजा. कॉम्बोच घ्यायचा तर ९ इंचाच्या खाली घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे.

मग बिघाड. इंजिनाच्या सेल्फ स्टार्टरच्याच बॅटरीवर मशीन असलं की इंजिन चालू करताना व्होल्टेज पडतं आणि पडदा काळा होतो, परत सुरू होईपर्यंत कॉम्बोवाल्याकडे दिशा पण नाही आणि खोली पण नाही. किनाऱ्याजवळ दिवसा ठीक आहे, डोंगर, देऊळ, दीपगृह दिसतंय. पालघर जिल्ह्यातले कितीतरी खलाशी गुजरातच्या बोटींवर जातात, त्या बोटी पाकिस्तानच्या हद्दीच्या आसपास वावरतात, तिथे आपण कुठे आहोत हे काही मिनिटं जरी कळलं नाही तरी परवडत नाही. अशा बोटीवर प्लॉटर वेगळाच हवा. पण वेगळी मशीन घेऊन दोन्ही एकाच फ्यूजवर, एकाच वायरवर जोडलीत तर ती वेगळी नुसती दिसायलाच, असं वायरिंग मी कितीतरी बोटींवर बघितलंय.

बाकी वेगळी घेतली म्हणजे एकमेकांशी बोलत नाहीत असं नाही. एनएमईए ही बोटीवरची मशीन एकमेकांना जोडायची ठरलेली पद्धत, तिच्या ०१८३ प्रकारच्या वायरीने साउंडरची खोली प्लॉटरवर दिसते, जीपीएसचा स्पीड साउंडरवर दिसतो, एनएमईए २००० असेल तर एकाच मुख्य केबलवर सगळी जोडता येतात. पण ओळखायचं असं की आकडे जातात, चित्र जात नाही. दोन वेगळ्या कंपन्यांची मशीन जोडून कॉम्बोसारखा मागचा पॉइंट मिळेल असं धरून चालू नका.

हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेकडून मासे मिळण्याच्या संभाव्य जागांची माहिती येते ना, अक्षांश-रेखांश, दिशा, अंतर, खोली, तिथपर्यंत प्लॉटर नेतो, पोचल्यावर काम साउंडरचं. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरहून ज्या ट्रान्सपॉन्डर योजनेची सुरुवात झाली ते यंत्र संदेशासाठी आणि बोट कुठे आहे हे कळवण्यासाठी आहे, तो फिश फाइंडर नाही, त्याच्या भरवशावर साउंडर घेणं टाळू नका.

माझा हिशोब सरळ आहे. सकाळी जाऊन दुपारी परत येणारी फायबरची छोटी होडी, केबिनच नाही, तिथे एक चांगला कॉम्बो आणि पिशवीत हातातला छोटा जीपीएस. चार-पाच दिवस बाहेर राहणारा ट्रॉलर किंवा पर्ससीन (थव्याला जाळ्याने वेढा घालणारी बोट), तिथे दोन वेगळी, साउंडरचा पडदा मोठा, बॅटऱ्या आणि फ्यूज वेगळे. परवडत असेल तर मोठा साउंडर आणि बॅकअपला छोटा कॉम्बो, पण मग दोन साउंडर एकाच वेळी एकाच फ्रिक्वेन्सीवर लावू नका, पडद्यावर उभ्या रेघांचा पाऊस पडतो. एक २०० वर ठेवा, दुसरा ५० किलोहर्ट्झवर. २०० चा आवाजाचा झोत अरुंद, ३० मीटर खोलीवर साधारण ६ मीटर रुंद, तपशील चांगला, ५० चा त्याच खोलीवर २० मीटरच्या वर पसरतो आणि खोलवर जातो.

ट्रान्सड्यूसर कुठला आणि कुठे हे मात्र मशीन घ्यायच्या आधीच ठरवा, कारण बोट वर आहे तोवरच हे काम होतं. भरीव फायबरच्या तळाला आतून चिकटवून चालतो, लाकडी बोटीला नाही, तिथे आरपारच बसवावा लागतो. पंख्यापासून लांब, जिथे पाणी सरळ वाहतं आणि बुडबुडे येत नाहीत तिथे. आणि तळाला रंग मारणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की ट्रान्सड्यूसरच्या तोंडावर नेहमीचा तांब्याचा रंग लावायचा नाही, नाहीतर १ ऑगस्टला पाण्यात उतरल्यावर साउंडर अर्धमेला दिसतो आणि शिव्या मशीनला बसतात.