हातोड्याने बसवलेलं बेअरिंग

माझ्या टेबलावर दोन निकामी बेअरिंगं, म्हणजे चाक हलकं फिरावं म्हणून पोलादी छरे भरलेल्या रिंगा, पडली आहेत. दोन्ही एकाच मापाची, माझ्याच जुन्या हॅचबॅकच्या पुढच्या उजव्या चाकातून निघालेली. पहिलं एक लाख बारा हजार किलोमीटर चाललं. त्याच्या जागी आलेलं दुसरं साडेतीन हजारांतच बोंबलायला लागलं. माल डुप्लिकेट निघाला असं धरून मी नाना पेठेतल्या दुकानदाराला मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या. त्या बिचाऱ्याचा काहीच दोष नव्हता, हे बेअरिंग उघडून भिंगाखाली धरल्यावर कळलं.

पहिल्याची गोष्ट आधी. साताऱ्याला जाताना शिरवळच्या आसपास गाडीच्या पोटातून घुमल्यासारखा आवाज यायला लागला. ऐंशीच्या वेगाला घूंऽऽ, साठला तोच आवाज खालच्या पट्टीत, तीसला जवळजवळ नाहीसा. क्लच दाबून इंजिनाचा वेग उतरवला तरी फरक नाही, म्हणजे इंजिन सुटलं. मग सगळे करतात तेच मीही केलं. टायरवर संशय घेतला. बॅलन्सिंग झालं, अलाइनमेंट झालं, पुढचे टायर मागे गेले, पैसे गेले आणि आवाज होता तिथेच राहिला. खरं तर टायरचा आवाज रस्त्याप्रमाणे बदलतो: डांबरावर एक, काँक्रीटवर दुसरा. रस्ता कशाचा आहे याच्याशी बेअरिंगला देणंघेणं नसतं. त्याला चाकाचा वेग कळतो आणि अंगावरचा भार कळतो, बस्स.

भाराची खूण पुढच्या फेरीला खंबाटकी घाटात मिळाली. डाव्या वळणावर आवाज वाढायचा, उजव्या वळणावर दबायचा. एसटीत उभ्याने घाट चढलेल्या माणसाला यामागचं भौतिकशास्त्र वेगळं शिकवावं लागत नाही. गाडी डावीकडे वळली की माणसं उजवीकडे कलंडतात, तसंच गाडीचं वजनही उजव्या चाकांवर जातं. म्हणून डाव्या वळणावर ओरडतं ते बहुतेक उजवं बेअरिंग. बहुतेक, कारण आत छऱ्यांच्या दोन रांगा असतात आणि वळणावर भार एका रांगेवरून दुसरीवरही सरकतो, त्यामुळे कधीकधी ही खूण चकवते. खात्री करायची तर गाडी जॅकवर उचलून खाली स्टँड लावायचा (नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही नाही), एका हाताने चाक फिरवायचं आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवायचा. बेअरिंग धड असेल तर हाताला काही लागत नाही. गेलेलं असेल तर जात्यात खडा अडकावा तशी खरखर थेट तळहातात येते.

बैलगाडीत हे दुखणं नव्हतं. तिथे चाकाचा तुंबा लोखंडी आसावर घासतच फिरतो आणि मध्ये वंगण असतं. घासण्याऐवजी लोळवावं ही कल्पना फार जुनी, पण गाडीच्या आसात छरे बसवण्याचं पेटंट वेल्समधल्या फिलिप वॉन याने १७९४ साली घेतलं. लोळण्याचा फायदा अफाट आहे. वंगण लावलेल्या साध्या आसात घर्षण भाराच्या शेकडा पाच-दहा भाग असतं, तर छऱ्यांच्या चांगल्या बेअरिंगमध्ये ते हजारात एक-दोन भागांवर येतं.

पण फुकट काहीच मिळत नाही. छरा गोल, ज्या खाचेत तो धावतो ती रेसही वक्र. दोन वक्र गोष्टी एकमेकींना टेकतात कुठे? कागदावर बघितलं तर एका बिंदूवर. बिंदूला क्षेत्रफळ नसतं, मग दाब अनंत व्हायला हवा. प्रत्यक्षात पोलाद किंचित चेपतं आणि बिंदूचा एक छोटा लंबगोल ठिपका होतो. तो केवढा आणि त्यात दाब किती, हे गणित हाइनरिश हर्ट्झ याने १८८०-८१ च्या सुमारास बर्लिनमध्ये सोडवलं. तेव्हा तो तेवीस-चोवीस वर्षांचा होता आणि त्याच्या डोक्यात बेअरिंग नव्हतं, एकमेकींवर दाबलेली काचेची भिंगं होती. रेडिओलहरींवाला हर्ट्झ तो हाच. त्याच्या गणिताने पाहिलं तर चालत्या गाडीच्या चाकात छऱ्याखालचा ठिपका तिळाहून बारीक असतो आणि त्यातला दाब हवेच्या दाबाच्या दहा-वीस हजार पट. समुद्राच्या सगळ्यात खोल गर्तेच्या तळाशी तो अकराशे पटीपर्यंतच पोचतो. एवढ्या दाबाखाली ग्रीसमधलं तेल क्षणभर घट्ट होऊन जवळपास घन पदार्थासारखं वागतं आणि धातूला धातू लागू देत नाही. तेलाचा हा थर एक मायक्रॉनहूनही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही, पातळ असतो. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा.

टायरचा घेर १.८ मीटर धरला तर लाख किलोमीटरला चाक साडेपाच कोटी वेळा फिरतं. रेसचा प्रत्येक कण तितक्या वेळा, खरं तर त्याच्या कितीतरी पट वेळा, दाबला आणि सोडला जातो. तार वाकवून वाकवून तोडतात, तसाच हा प्रकार. गंमत अशी की पहिली चीर वर पडत नाही. सगळ्यात जास्त ताण पृष्ठभागाच्या किंचित खाली असतो, चीर तिथे जन्मते, वर सरकते आणि एक दिवस पोलादाची खपली निघते. माझ्या पहिल्या बेअरिंगच्या रेसवर अशी नखाएवढी खपली गेलेली आहे. कडा ओबडधोबड, आतला पोत वाळूसारखा. हे म्हातारपणाचं मरण. किती भाराला किती आयुष्य याचा हिशेब लुंडबर्ग आणि पामग्रेन या स्वीडिश जोडीने १९४७ साली मांडला. छऱ्यांच्या बेअरिंगचं आयुष्य भाराच्या घनाच्या प्रमाणात घटतं. भार सव्वापट झाला की आयुष्य निम्मं, दुप्पट झाला की आठवा हिस्सा. दिसायला छान म्हणून चाकं बाहेर काढणारे रुंद रिम आणि स्पेसर लावणाऱ्यांनी हा घन ध्यानात ठेवावा.

पाणी हा दुसरा शत्रू. ब्रेक मारून तापलेलं चाक तुंबलेल्या पाण्यात शिरलं की बेअरिंगमधली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढून घेते. पावसाळ्यानंतर गॅरेजमध्ये वाजणारी बेअरिंगं येतात ती बरीचशी यातलीच.

आता आवाजाकडे. ऐंशीच्या वेगाला चाक सेकंदाला सुमारे बारा वेळा फिरतं. छरे मात्र तितके फिरत नाहीत. पाटीखाली गोल पेन्सिली ठेवून पाटी ढकलली तर पेन्सिली पाटीच्या निम्मंच अंतर जातात. तसं छऱ्यांचं कडं चाकाच्या निम्म्याहून जरा कमी वेगाने फिरतं. माझ्या बेअरिंगच्या एका रांगेत तेरा छरे आहेत. बाहेरच्या रेसवर खपली गेली असेल तर तिच्यावरून सेकंदाला सत्तरच्या आसपास छरे धडकत जातात, आतल्या रेसवर असेल तर नव्वदच्या आसपास. म्हणजे सत्तर-नव्वद हर्ट्झ, विजेच्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुण ऐकू येते त्याच्याच शेजारची पट्टी. गाडीच्या पोटातून घुमल्यासारखं वाटतं ते यामुळे, आणि वेग वाढला की पट्टी चढते तीही यामुळेच.

तर पहिलं बेअरिंग बदलायला मी घराजवळच्या एका गॅरेजमध्ये गेलो. मिस्त्री अनुभवी होता. एक्सलचा मोठा नट सोडला, ब्रेक उतरवले, नकल म्हणजे ज्या जाडजूड तुकड्यात बेअरिंग घट्ट बसलेलं असतं तो बाहेर काढला. हब, म्हणजे ज्याच्यावर चाक बसतं तो भाग, ठोकून काढला, तेव्हा अर्धी इनर रेस, म्हणजे बेअरिंगची आतली रिंग, हबवरच अडकून आली. ती ग्राइंडरने कापून छिन्नीने तडकवली, हबला ओरखडा न पाडता, आणि तिथे त्याचा हात बघण्यासारखा होता. बेअरिंग जागेवर धरणारं लॉक काढून जुनं बेअरिंग पाडलं, जागा पॉलिश पेपरने साफ केली. नवीन बेअरिंग जुन्याची आऊटर रेस, म्हणजे बाहेरची रिंग, वर ठेवून आत बसवलं. इथपर्यंत सगळं बरोबर.

मग त्याने नकल दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवला, हब बेअरिंगच्या तोंडावर धरला आणि दोन किलोच्या हातोड्याने सात-आठ ठोके दिले. हब झकास बसला. आणि बेअरिंग तिथेच मेलं.

ठोक्याचा जोर कोणत्या वाटेने गेला ते बघा. हातोड्याचा ठोका हबला, हबकडून इनर रेसला, इनरकडून छऱ्यांना, छऱ्यांकडून आऊटर रेसला, तिथून नकल आणि ठोकळा. नकलखाली आधार होता, इनर रेसखाली काहीच नव्हतं. म्हणजे ठोक्याचा सगळा जोर छऱ्यांमधून गेला. हातोडा अर्ध्या-एक हजारांश सेकंदात थांबतो, त्यामुळे ठोका क्षणभर टन-दोन टनांचा होतो. शिवाय तो कधीच सरळ पडत नाही, एका बाजूच्या तीन-चार छऱ्यांवरच जास्त येतो. छऱ्याखालचा दाब ४,२०० मेगापास्कलला, हवेच्या दाबाच्या एक्केचाळीस हजार पटीला पोचला की पोलादात कायमचा खड्डा पडायला लागतो. सहन होण्याजोगा खड्डा किती, तर छऱ्याच्या व्यासाचा दहा हजारावा भाग. अकरा मिलिमीटरच्या छऱ्याला हा झाला एक मायक्रॉन आणि वर थोडा. तेलाचा थर आठवा. तो याहून पातळ आहे.

पोलाद किती कठीण आहे हे मोजायला योहान ऑगस्ट ब्रिनेल याने १९०० साली जगापुढे ठेवलेली चाचणी आजही चालते. दहा मिलिमीटरचा कठीण गोळा तीन हजार किलोंच्या भाराने धातूवर दाबायचा आणि खड्डा मोजायचा. बेअरिंगमधल्या अशा खड्ड्यांना म्हणूनच ब्रिनेलिंग म्हणतात. माझ्या नव्याकोऱ्या बेअरिंगवर मिस्त्रीने दोन किलोच्या हातोड्याने ब्रिनेलची चाचणी घेतली होती, आणि मजुरी मी दिली.

पण हे नुसत्या संशयावर म्हणणं बरं नाही, कारण हातोडा न लागताही असेच खड्डे पडू शकतात. अमेरिकेत कारखान्यातून रेल्वेने लांब पाठवलेल्या नव्या गाड्यांची चाकं गिऱ्हाइकाने चालवायच्या आधीच खराब झालेली निघत. अल्मेन नावाच्या अभियंत्याने १९३७ साली याचा छडा लावला. गाडी उभी, चाक फिरत नाही, पण रेल्वेच्या थरथरीने छरे जागच्या जागी सूक्ष्म हलतात, खालचं तेल बाजूला सरतं आणि धातू धातूला खात राहतो. खड्डे छऱ्याच्या अंतरावरच पडतात. मग ओळखायचं कसं? थरथरीने पडलेल्या खड्ड्यात धातू झिजून गेलेला असतो, त्यामुळे कारखान्यातल्या ग्राइंडिंगच्या बारीक रेघा पुसल्या जातात आणि लालसर भुकटी दिसते. ठोक्याने पडलेल्या खड्ड्यात धातू फक्त चेपलेला असतो. रेघा तळाशी तशाच राहतात.

आऊटर रेस रॉकेलमध्ये धुऊन मी खिडकीच्या उजेडात तिरकी धरली आणि दहापटीचं भिंग डोळ्याला लावलं. छऱ्यांच्या दोन रांगांपैकी बाहेरच्या एकाच रांगेत, खाचेच्या कडेला, सारख्या अंतरावर फिकट ठसे. एका बाजूचे चार-पाच ठळक, समोरच्या बाजूला जेमतेम दिसणारे. ठशांच्या आत ग्राइंडिंगच्या रेघा जशाच्या तशा. लाल भुकटी कुठेही नाही.

तिसरं बेअरिंग मी एका लेथवाल्याकडून प्रेसवर बसवून घेतलं. घरच्या फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवून नेलं होतं. बहात्तर मिलिमीटरचं पोलाद पन्नास अंशांनी गार झालं की चाळीसेक मायक्रॉन आकसतं, आणि घट्ट बसणाऱ्या मापात तेवढी सवलत मोठी असते. ते हवाबंद पिशवीत घातलं होतं, नाहीतर बाहेर काढल्यावर त्यावर दव धरतं. माझी ही हौस बघून लेथवाला हसला. त्याच्या प्रेसला तिची गरज नव्हती. त्याने बेअरिंगच्या दोन्ही बाजू निरखल्या आणि तपकिरी पट्टीची बाजू सेन्सरकडे केली. त्या सीलमध्ये आळीपाळीने उत्तर-दक्षिण ध्रुव भरलेले असतात. एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, त्यावरून चाकाचा वेग मोजते. उलटं बसलं तर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि पुन्हा सगळं उघडावं लागतं.

नकलमध्ये बेअरिंग दाबताना त्याने रिंग फक्त आऊटर रेसवर टेकते ना, हे बोट फिरवून पाहिलं. हबच्या वेळी मात्र नकल उचलून घेतला आणि खाली पाइपाचा एक तुकडा लावला, बरोबर इनर रेसच्या मापाचा. आता दाब हबकडून इनरला आणि इनरकडून सरळ पाइपात. छऱ्यांना पत्ताही नाही. दोन-तीन पंप मारले, हब शेवटपर्यंत गेला तसा प्रेसचा सूर बदलला, तो थांबला.

गाडीवर चढवल्यावर एक्सलला नवा नट लावून, टॉर्क रेंचने आकडा बघून आवळला. इनर रेसचे दोन अर्धे एकमेकांवर धरून ठेवतो तो हाच नट, म्हणून तो पुरता आवळल्याशिवाय गाडीचं वजन चाकावर टाकायचं नसतं.

निघताना लेथवाल्याने जुनी बेअरिंगं मागितली. त्याच्या फळीवर वेगवेगळ्या मापांच्या जुन्या आऊटर रेस तारेत ओवून टांगलेल्या होत्या. बाहेरून किंचित घासून घेतल्या की पुढचं बेअरिंग दाबायला त्याच रिंगा होतात. मी म्हटलं, लेख लिहायचा आहे, तोवर राहू देत. शनिवारी पहिल्याची रेस त्याला नेऊन देईन. ठसे पडलेली मी ठेवून घेणार आहे.