क्लिक न करता शिरलेले ३७६ बाइट

‘अनोळखी लिंक उघडू नका, म्हणजे झालं’ हा सल्ला इतका मुरलाय, की क्लिक केल्याशिवाय संगणकात काही शिरतच नाही असं बहुतेकांना वाटतं. २५ जानेवारी २००३ ला, आपल्याकडे शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास, स्लॅमर नावाचा वर्म (स्वतःच्या प्रती पाठवत एका यंत्रातून दुसऱ्यात पसरणारा प्रोग्रॅम) सुटला, तेव्हा कुणीच काही उघडलं नव्हतं. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर २००० हा डेटाबेस प्रोग्रॅम चालू आणि १४३४ क्रमांकाचं यूडीपी पोर्ट (यूडीपी या पद्धतीने पाठवलेले निरोप आत घेणारं दार) इंटरनेटला मोकळं, एवढं त्याला पुरलं.

या पोर्टवर बसलेली सेवा, यंत्रावर डेटाबेस सर्व्हरच्या अनेक प्रती असतील तर कोणती कुठे भेटेल ते सांगते. निरोपाचा पहिला बाइट ०४ असला की पुढचा मजकूर म्हणजे प्रतीचं नाव, असं ती धरते आणि ठरावीक लांबीच्या बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या राखीव जागेत, उतरवून घेते. लांबी न मोजता!

खरी गंमत इथे आहे. फंक्शनचं (प्रोग्रॅममधल्या एका तुकड्याचं) काम संपल्यावर कुठे परतायचं तो पत्ता स्टॅकवर, म्हणजे चालू कामाच्या नोंदी ठेवणाऱ्या मेमरीच्या भागात, ठेवलेला असतो आणि बफरही त्याच स्टॅकवर. बँकेच्या फॉर्मवरचे नावाचे चौकोन संपले तरी लिहीत राहिलं की अक्षरं खाते क्रमांकावर चढतात. तसं लांबलचक नाव परतीच्या पत्त्यावर चढतं. पण हल्लेखोराला आपला मजकूर मेमरीत नेमका कुठे पडेल हे ठाऊक नसतं. मग पत्ता कुठला द्यायचा? स्लॅमरने दिला एसक्यूएल सर्व्हरच्याच एका डीएलएल फाइलमधला (तयार कोड साठवणाऱ्या फाइलमधला), जिथे ‘स्टॅकचं टोक असेल तिथे उडी मार’ ही सूचना आयती पडून होती. परतीचा पत्ता उचलला गेला की टोक सरकून त्याच्या लगेच पुढच्या बाइटवर येतं. तिथे हल्लेखोराचेच बाइट. सर्व्हर ते आज्ञा समजून पाळू लागतो.

अख्खा वर्म ३७६ बाइटचा, एका पॅकेटात, म्हणजे नेटवर्कवरून जाणाऱ्या डेटाच्या एका पुडक्यात, मावणारा. यूडीपीत उत्तराची वाट पाहावी लागत नाही, त्यामुळे सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांनी बाधित यंत्रं दुप्पट होत होती. दहा मिनिटांत ही चूक असलेली जवळपास ९० टक्के यंत्रं बाधित झाली; एकूण किमान ७५ हजार. डेटा पुसला गेला नाही, पॅकेटांच्या गर्दीने नेटवर्क तुंबली. बँक ऑफ अमेरिकाची एटीएम अडली. ओहायोतल्या डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्रात सुरक्षेची माहिती दाखवणारी यंत्रणा काही तास बंद पडली. मात्र ‘व्हायरसने अणुभट्टी ताब्यात घेतली’ असं कुणी रंगवून सांगितलं तर भट्टी आधीपासूनच बंद होती, हेही सांगा.

ही चूक दुरुस्त करणारा पॅच जुलै २००२ मध्येच आला होता. पण हेच डेटाबेस इंजिन इतर सॉफ्टवेअरच्या पोटातूनही येत असे, त्यामुळे ते आपल्याकडे आहे हेच अनेकांना माहीत नव्हतं. शिवाय वर्म डिस्कवर फाइल ठेवत नसे, फक्त मेमरीत राहायचा. यंत्र बंद करून चालू केलं की तो गायब. आणि पॅच नसेल तर पुढच्या पॅकेटाबरोबर पुन्हा हजर.