पीएमईजीपीचा अर्ज: पोर्टल उघडण्याआधी करायची तयारी

मसाला कांडपाचे यंत्र आधी विकत घेतले, शेडमध्ये बसवले, दोन महिने गावातली मिरची कांडून दिली आणि त्यानंतर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचा (पीएमईजीपी) अर्ज भरला, असे अर्जदार वारंवार भेटतात. त्यांची मेहनत खरी असते, हिशेबही चोख असतो, तरीही अर्ज नामंजूर होतो, कारण बँक कर्जासोबत अनुदान देणारी ही योजना फक्त नव्या उद्योगासाठी आहे. चालू असलेल्या उद्योगाला किंवा पूर्वी शासनाच्या दुसऱ्या योजनेतून अनुदान घेतलेल्या उद्योगाला ती लागू होत नाही. म्हणून कर्ज मंजूर होण्याआधी यंत्र उचलू नये आणि पक्के बिलही करून घेऊ नये. फक्त कोटेशन घ्यावे. उद्यम नोंदणीच्या, म्हणजे लघुउद्योगाच्या सरकारी नोंदणीच्या अर्जात व्यवसाय कधी सुरू झाला ती तारीख विचारलेली असते. सेतू केंद्रात घाईघाईने मागच्या वर्षीची एखादी तारीख टाकली गेली, तर कागदोपत्री उद्योग जुना ठरतो.

2008 साली सुरू झालेली ही योजना देशपातळीवर खादी आणि ग्रामोद्योग आयोग राबवतो. जिल्ह्यात आयोग, राज्याचे खादी व ग्रामोद्योग मंडळ किंवा जिल्हा उद्योग केंद्र यांपैकी एक यंत्रणा निवडून आयोगाच्या पोर्टलवर अर्ज करायचा असतो. अर्जाला शुल्क नाही. टक्केवारी ठरवून फाईल पुढे सरकवून देतो म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये. अर्जदाराचे वय 18 वर्षे पूर्ण असावे. कमाल वयाची अट नाही. पती-पत्नींपैकी एकालाच लाभ मिळतो. 2025-26 पर्यंतच्या काळासाठी 2022 मध्ये निघालेल्या सुधारित सूचनांनुसार उत्पादन उद्योगाला 50 लाख आणि सेवा उद्योगाला 20 लाख रुपयांपर्यंतचा प्रकल्प धरता येतो.

शिक्षणाची अट मात्र अनेकांच्या नजरेतून सुटते. उत्पादन उद्योगाचा प्रकल्प 10 लाखांच्या वर किंवा सेवा उद्योगाचा 5 लाखांच्या वर असेल, तर अर्जदार किमान आठवी उत्तीर्ण असावा लागतो. सातवीत शाळा सुटलेल्या बाईंच्या नावाने कोणीतरी 12 लाखांचा प्रकल्प अहवाल करून देतो आणि अर्ज पहिल्याच छाननीत परत येतो. तेच काम साडेनऊ लाखांत बसवले असते, तर ही अट आडवी आली नसती.

जातीच्या दाखल्यापाशी सर्वांत जास्त अर्ज थांबतात. महिलांना विशेष प्रवर्गाचा, म्हणजे जास्त अनुदानाचा लाभ महिला म्हणूनच मिळतो, त्यासाठी जातीचा दाखला लागत नाही, आणि हे ठाऊक नसल्यामुळे कित्येक बायका विनाकारण तहसीलच्या पायऱ्या झिजवतात. पुरुष अर्जदाराला मात्र अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्ग म्हणून लाभ हवा असेल, तर उपविभागीय अधिकाऱ्यांनी दिलेला दाखला लागतो, आणि तो काढताना महाराष्ट्रात जुना पुरावा मागतात: अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा. ज्या घरात आजोबा कधी शाळेतच गेले नाहीत, तिथे आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला आणा म्हणून सांगणे ही क्रूर गोष्ट आहे, आणि खिडकीवर ती अगदी सहज सांगितली जाते. अशा वेळी आजोबांचे भाऊ, चुलत आजोबा किंवा वडिलांची आत्या यांच्यापैकी कोणाची नोंद जुन्या शाळेच्या जनरल रजिस्टरात सापडते का, ते पाहावे. तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना क्रमांक 14, म्हणजे आपण ज्याला कोतवाल बुक म्हणतो, त्यातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदीची नक्कल मागावी. नोंद सापडायला महिनेही लागतात, म्हणून प्रकल्पाचा विचार मनात आला की पहिला अर्ज या नकलेसाठी करावा.

जागेच्या बाबतीत दोन गैरसमज आहेत. जमिनीची किंमत प्रकल्प खर्चात धरता येत नाही; शेड किंवा भाड्याची जागा ठराविक मर्यादेत धरता येते. दुसरे असे की सातबाऱ्यावर चार भावांची आणि दोन बहिणींची नावे असतील, तर एकट्याची तोंडी हमी बँक मानत नाही. सर्वांच्या सह्यांचे संमतीपत्र किंवा नोंदवलेला भाडेकरार आधीच करून ठेवावा, कारण पुण्या-मुंबईला राहणाऱ्या बहिणीची सही ऐन वेळी मिळत नाही. गाव ग्रामपंचायतीत आहे की नगरपंचायतीत गेले, हेही तपासावे. विशेष प्रवर्गाला ग्रामीण भागात 35 टक्के आणि शहरी भागात 25 टक्के, तर सर्वसाधारण प्रवर्गाला अनुक्रमे 25 आणि 15 टक्के अनुदान मिळते, आणि हा फरक ग्रामीण भागाच्या दाखल्यावरच ठरतो.

प्रकल्प अहवाल दुसऱ्याच्या फाईलवरून उतरवू नये. बँकेचे शाखाधिकारी सहसा एकच प्रश्न विचारतात की कच्चा माल कोठून घेणार आणि तयार माल कोणाला देणार, आणि स्वतःच्या नावाच्या अहवालात काय लिहिले आहे हे अर्जदाराला सांगता आले नाही, तर फाईल तिथेच थांबते. कोटेशनवर विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, यंत्राची क्षमता आणि तारीख असावी. आधार, पॅन आणि शाळेच्या दाखल्यावरील नाव एकसारखे करून घ्यावे. लग्नानंतर बदललेल्या नावाचे राजपत्र अनेकींकडे नसते.

पैशांचा हिशेब एका उदाहरणाने पाहू. ग्रामीण भागातील आठवी उत्तीर्ण महिलेचा 12 लाखांचा उत्पादन प्रकल्प असेल, तर तिला स्वतःचे 5 टक्के, म्हणजे 60 हजार रुपये घालावे लागतात. सर्वसाधारण प्रवर्गातील पुरुषाला 10 टक्के घालावे लागतात. या महिलेला उरलेले 11 लाख 40 हजार बँक कर्ज म्हणून देते. 4 लाख 20 हजारांचे अनुदान तिच्या हातात येत नाही. ते बँकेत 3 वर्षे मुदत ठेवीत राहते, त्यावर व्याज मिळत नाही आणि कर्जाच्या तेवढ्या रकमेवर बँक व्याज आकारत नाही. अनुदान आल्यावर त्यातून शेड वाढवू, असे ठरवून कोणी उसनवारी करू नये. या योजनेतील 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. तरीही तारण मागितले गेले, तर तसे लेखी द्या, अशी नम्रपणे विनंती करावी.

शेवटची अडचण मुदत चुकीची समजल्यामुळे येते. ही 3 वर्षे कर्ज उचलल्याच्या दिवसापासून मोजायची की अनुदान बँकेत जमा झाल्याच्या दिवसापासून, हे बँकेला आधीच विचारून घ्यावे, कारण या दोन तारखांमध्ये काही महिन्यांचे अंतर पडू शकते. ठेव कर्जात वळती होण्यापूर्वी उद्योगाची प्रत्यक्ष पडताळणी होते. तोवर यंत्र विकू नये, आणि जागा बदलणे भागच पडले तर आधी बँकेला लेखी कळवून त्या पत्राची शिक्क्यासह पोच आपल्या फाईलला लावावी.