धर्मादा (व्यापारी)

व्यापारी व्यवहारात मालाच्या किमतीबरोबर, परंतु किमतीहून वेगळी दाखवून, धार्मिक वा लोकोपयोगी कार्यासाठी घेतली जाणारी लहान रक्कम. आकारणी पोत्यामागे, गासडीमागे किंवा शेकड्यावर होते. पेढीच्या खतावणीत तिचे स्वतंत्र खाते असते. पाणपोई, धर्मशाळा, अन्नछत्र, पांजरपोळ (निराधार जनावरांचे आश्रयस्थान) ही खर्चाची नेहमीची ठिकाणे.

व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. ‘धर्म + दाय’ (दाय म्हणजे दान) अशी फोड सर्वसाधारणपणे दिली जाते, पण तिच्यातून ‘धर्मदाय’ हे रूप निघते. गुजरातेतील वलभीच्या मैत्रक राजांच्या ताम्रपटांत दानाच्या अर्थी तेच आढळते. मराठीतील दीर्घ ‘मा’ त्यामुळे उलगडत नाही. ‘धर्म + आदाय’ (आदाय म्हणजे जमा, उत्पन्न) या फोडीने तो उलगडतो. मात्र पेशवेकालीन कागदांतील ‘धर्मादाय’ हा बहुधा सरकारातून द्यावयाच्या रकमेचा, म्हणजे खर्चाचा शब्द आहे. ‘धर्मादा’ या आखूड रूपावर अरबी-फारसी ‘अदा’ (फेड) याची छाया पडली असणेही शक्य आहे. रूप ‘आदाय’चे व अर्थ ‘दाय’चा, असा संकर मानणे अधिक सयुक्तिक दिसते. ही रक्कम व्यापाऱ्याची जमा की त्याच्या हातून जाणारे दान, हाच प्रश्न पुढे न्यायालयांसमोरही आला.

प्रथेचे मूळ काही अभ्यासक नाशिकच्या लेण्यांतील, क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखापर्यंत नेतात (इ. स. पहिले–दुसरे शतक, लेखातील वर्षे कोणत्या शकाची, यावर मतभेद आहेत). त्याने गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे (व्यवसायसंघांकडे) अनुक्रमे २,००० व १,००० कार्षापण (त्या काळचे नाणे) कायम ठेव म्हणून ठेवले. व्याज दरमहा शेकडा एक व पाऊण असे होते व ते भिक्षूंच्या चीवर (वस्त्र) आदी गरजांसाठी होते. परंतु येथे श्रेणी दान सांभाळते, स्वतः आकारत नाही. त्यामुळे याला धर्माद्याचा पूर्वज म्हणणे ओढूनताणून वाटते. बाराव्या शतकातील शिलाहारकालीन कोल्हापूर–मिरज भागातील लेख अधिक जवळचे आहेत. त्यांत अय्यावोळे पाचशे या व्यापारीसंघाशी निगडित व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर ठरावीक हिस्सा जैन बसदीला (मंदिराला) लावून दिला आहे. मधल्या काळातील धागा तुटक आहे. मुंबईत १८३४ साली स्थापन झालेल्या पांजरपोळाला महाजनांनी (व्यापाऱ्यांच्या पुढाऱ्यांनी) मालावर बसवलेल्या लाग्याचा (पट्टीचा) आधार होता.

कायद्याच्या दृष्टीने ‘धर्म’ हा शब्दच प्रथम अडचणीचा ठरला. १८९९ मध्ये रणछोडदास वंद्रावनदास विरुद्ध पार्वतीबाई या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातील लंडनच्या सर्वोच्च अपील न्यायपीठाने) ‘धरम’साठी केलेले मृत्युपत्रीय दान अनिश्चित म्हणून रद्द ठरवले. मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० (आता महाराष्ट्र) याच्या कलम ५४ ने मात्र धर्माद्याला नाव घेऊन मान्यता दिली. रूढीने वा कराराने अशी रक्कम घेणारा तिचा विश्वस्त ठरतो व वार्षिक हिशेब धर्मादाय कार्यालयास सादर करणे त्याच्यावर बंधनकारक आहे. हाथरसच्या बिजली कॉटन मिल्सच्या प्रकरणात (१९७९) सर्वोच्च न्यायालयाने, व्यापारी रूढीत धर्माद्याचा अर्थ पुरेसा निश्चित असून ही रक्कम आरंभापासूनच दानासाठी राखलेली असल्याने ती व्यापारी उत्पन्न नव्हे, असे ठरवले. उत्पादनशुल्कासाठी ती किमतीत धरावी काय, यावर निर्णय उलटसुलट आले. नाशिक विभागातील एका तंबाखू उत्पादकाच्या अपिलात २०१९ मध्ये त्रिसदस्यीय पीठाने ‘धरू नये’ असा कौल दिला. ग्राहक जे मालासाठी देत नाही, ते मालाचे मूल्य नव्हे, हे त्यामागचे सूत्र.

कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ मधील कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाशी (सीएसआर) धर्माद्याची गल्लत होऊ नये. ते कलम ५०० कोटी रु. निव्वळ मत्ता, १,००० कोटी रु. उलाढाल वा ५ कोटी रु. निव्वळ नफा यांपैकी एक मर्यादा गाठणाऱ्या कंपन्यांना लागू होते व सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के खर्च अपेक्षिते. भागीदारी वा एकमालकी पेढ्या त्याच्या कक्षेबाहेर राहतात, आणि धर्मादा पाळणारे बहुसंख्य व्यापारी याच स्वरूपाचे आहेत. दुसरा भेद असा की धर्मादा नफ्यातून नव्हे, गिऱ्हाइकाच्या हातून येतो. तोट्याच्या वर्षीही तो जमा होतो.