आठ रुपयांचा फोटो : स्टॉक फोटोंच्या बाजाराची पार्श्वभूमी

शटरस्टॉक या फोटो विकणाऱ्या साइटवर आपले फोटो ठेवणाऱ्याला एका डाउनलोडमागे कमीत कमी दहा सेंट मिळतात. आपले आठ-नऊ रुपये. सोलापूरच्या नव्या पेठेत एवढ्यात धड एक चहा येत नाही. तरीही हातात बरा मोबाइल आणि घरात वायफाय असलेली पोरं संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठावर फोटो काढतात आणि रात्री बसून अपलोड करतात. हा आठ रुपयांचा भाव कुणी एका दिवसात ठरवलेला नाही. शंभर वर्षांत तो पायरी-पायरीनं उतरत आला, आणि प्रत्येक पायरीवर कुणाला तरी तो फायद्याचाच वाटला.

सुरुवात अमेरिकेत. १९२० मध्ये फिलाडेल्फियात एच. आर्मस्ट्राँग रॉबर्ट्स यानं फोटोंचा साठा करून तो विकायला काढला. ‘स्टॉक’ हा शब्द तिथलाच, दुकानदाराच्या ‘माल स्टॉकमध्ये आहे’ या अर्थाचा. स्टुडिओवाल्याकडे गिऱ्हाईक आधी येतं, फोटो नंतर निघतो. इथं उलटं : हसरं कुटुंब, सूर्यास्त, टेलिफोनवर बोलणारी बाई असे फोटो आधीच काढून ठेवायचे आणि गिऱ्हाइकाची वाट बघायची. १९३५ मध्ये नाझी जर्मनीतून निसटलेला ऑटो बेटमन दोन ट्रंका भरून चित्रं घेऊन न्यूयॉर्कला उतरला आणि त्या ट्रंकांतून बेटमन आर्काइव्ह उभं राहिलं. जुनी छायाचित्रं कपाटात ठेवली तरी पैसे देतात, हे त्यानं दाखवलं.

पुढची पन्नासेक वर्षं धंद्याची रीत साधी पण महाग होती. फोटो विकणारी एजन्सी जाडजूड कॅटलॉग छापायची. जाहिरातवाले त्यातून फोटो निवडायचे, मग मूळ स्लाइड कुरिअरनं जायची आणि परत यायची. भाव वापरावर ठरायचा : कुठल्या देशात, किती महिने, पाव पान की मुखपृष्ठ. याला ‘राइट्स मॅनेज्ड’ म्हणतात. एका फोटोला शेकडो डॉलर, कधी हजारोही. म्हणून त्या काळात एजन्सीत शिरणंच अवघड होतं. आपल्याकडे १९८० च्या दशकात मुंबईत दिनोदिया ही एजन्सी याच वाटेनं उभी राहिली. सोलापुरातल्या स्टुडिओवाल्याला मात्र स्लाइड फिल्म, तिचा खर्च आणि मुंबईच्या चकरा परवडणाऱ्या नव्हत्या. त्याचं पोट लग्नसराई, पासपोर्ट, शाळेचे ग्रुप फोटो आणि गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) जत्रेतल्या रंगीत पडद्यांवर चालायचं.

इथं एक गोष्ट थांबून सांगायला हवी, कारण हा गैरसमज गावोगाव आहे. लग्नाचे फोटो काढून काढून ज्यांच्या हार्ड डिस्क भरल्यात, त्यांना वाटतं हा सगळा माल विकता येईल. येत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमानुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो. वेगळा करार असेल तरच फोटोग्राफर. म्हणजे नवरीच्या हळदीचा तुम्ही काढलेला सुंदर फोटो नवरीच्या बापाचा आहे. शिवाय एजन्सीला चेहरा ओळखू येणाऱ्या प्रत्येक माणसाची सही केलेलं ‘मॉडेल रिलीज’, म्हणजे फोटो विकायला संमतीपत्र, लागतं ते वेगळंच. वऱ्हाडातल्या दोनशे पाहुण्यांच्या सह्या कोण गोळा करणार?

भाव पहिल्यांदा खऱ्या अर्थानं उतरला तो सीडीमुळे. १९९१ मध्ये सिॲटलमध्ये सुरू झालेल्या फोटोडिस्कनं एका सीडीवर डझनावारी फोटो भरले आणि सांगितलं : एकदा पैसे द्या, मग हवं तिथं, हवं तितक्या वेळा वापरा. हाच ‘रॉयल्टी-फ्री’. आपल्याकडे अजूनही बरेच जण याचा अर्थ ‘फुकट’ असा लावतात. फुकट नाही, दर वापराला वेगळी रॉयल्टी नाही, एवढंच. (चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर नेत्यामागच्या सिंहाच्या छातीवर कधी कधी एजन्सीचा पुसट वॉटरमार्क दिसतो, तो या ‘फुकट’चा पुरावा.)

मग मोठी भांडवलं उतरली. बिल गेट्सनं १९८९ मध्ये काढलेली कंपनी पुढे कॉर्बिस झाली आणि १९९५ मध्ये तिनं बेटमनच्या ट्रंकांचं ते सगळं साम्राज्य विकत घेतलं. त्याच वर्षी मार्क गेटी आणि जोनाथन क्लाइन यांनी लंडनमध्ये दुसरी कंपनी सुरू केली. फोटोडिस्कशी एकत्र येऊन ती गेटी इमेजेस झाली. गेट्सच्या मनात काय होतं? घराघरांत भिंतीवर पडदे असतील आणि त्यावर लोक चित्रं भाड्यानं लावतील. तसं झालं नाही. २०१६ मध्ये कॉर्बिसचा फोटोंचा धंदा एका चिनी कंपनीला विकला गेला आणि चीनबाहेर तोच माल विकायचं काम प्रतिस्पर्धी गेटीकडे आलं.

एजन्सीच्या दाराला कुलूप होतं ते तुटलं २००० मध्ये, कॅनडातल्या कॅलगरीत. ब्रूस लिव्हिंगस्टन यानं आयस्टॉकफोटो ही साइट आधी चक्क अदलाबदलीसाठी काढली : तू माझे फोटो घे, मी तुझे. सर्व्हरचा खर्च वाढला तेव्हा फोटोमागे काही सेंट लावले. ग्राफिक डिझायनर, शिक्षक, गृहिणी, कुणीही फोटो टाकू शकत होतं. २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन ओरिंजरनं स्वतःच काढलेले सुमारे ३०,००० फोटो टाकून शटरस्टॉक सुरू केलं आणि महिन्याची वर्गणी आणली. केबलवाल्यासारखी, बघाल तेवढं बघा. २००६ मध्ये गेटीनं आयस्टॉक ५ कोटी डॉलरला घेतलं. त्याच वर्षी वायर्ड मासिकात जेफ हाव यानं ‘क्राउडसोर्सिंग’ हा शब्द रूढ केला, आणि त्याचं पहिलं उदाहरण याच धंद्यातलं होतं : एक व्यावसायिक फोटोग्राफर ज्या कामाला फोटोमागे शंभर-दीडशे डॉलर मागत होता, तसे फोटो आयस्टॉकवर एका डॉलरला मिळत होते. भारतात २००६ मध्येच संदीप माहेश्वरी यांनी इमेजेसबझार सुरू केलं. गोऱ्या हसऱ्या चेहऱ्यांच्या गर्दीत भारतीय चेहरे मिळत नव्हते, ती जागा त्यांनी हेरली.

सोलापूर या बाजाराला जोडलं गेलं ते फार उशिरा, स्वस्त डेटा आल्यावर. २०१६ च्या आधी दहा-दहा एमबीच्या पन्नास फाइल चढवायच्या म्हणजे रात्र जायची आणि नेटपॅकही. आता चार मेगापिक्सेलचा फोटो चालतो, म्हणजे मोबाइलही पुरतो.

आणि ज्या शहरानं विडी पाहिली आहे, त्याला ही व्यवस्था समजावून सांगावी लागत नाही. पान, तंबाखू, दोरा घेऊन बाया घरी विड्या वळतात, कारखान्यात नेऊन देतात. तिथं तपासणारा वाकड्या-सैल विड्या बाजूला काढतो आणि उरलेल्यांवर दर हजार विड्यांमागे मजुरी मिळते. स्टॉकमध्येही तसंच : घरी बसून माल तयार करा, तपासणारा ‘फोकस नाही’, ‘नॉइज (दाणे) आहे’, ‘लोगो दिसतोय’ म्हणून रिजेक्ट करणार, उरलेल्यावर नगावर पैसे. फरक दोन. पान-तंबाखू निदान कारखाना देतो. कॅमेरा, लेन्स, वीज, नेट सगळं आपलं. आणि विडी कामगारांसाठी १९६६ चा कायदा आहे, भांडायला लाल बावटा आहे. फोटोवाल्याला फक्त एक ईमेल येतो, की अटी बदलल्या आहेत.

तसा ईमेल २०२० च्या मे महिन्यात शटरस्टॉककडून गेला. जूनपासून फोटोवाल्याचा वाटा १५ ते ४० टक्के, सहा पायऱ्यांत. आणि दर १ जानेवारीला सगळे पुन्हा पहिल्या पायरीवर. आधी वर्गणीतल्या डाउनलोडला किमान २५ सेंट होते, त्यांचे दहा झाले. जगभर लोकांनी रागानं आपले फोटो विक्रीला बंद ठेवले. धंदा थांबला नाही.

मिळालेल्यातूनही कापलं जातं. कंपनी अमेरिकेची, तेव्हा तिथल्या करासाठीचा ‘डब्ल्यू-८ बेन’ फॉर्म भरायचा, त्यात पॅन नंबर द्यायचा. मग अमेरिकेतल्या विक्रीवर दोन्ही देशांच्या करारानुसार १५ टक्के कर कापतात, नाहीतर ३०. पैसे पेपाल किंवा पेओनियर अशा ऑनलाइन सेवांमधून येतात, तेही ठरावीक रक्कम जमल्यावरच. अडोबी स्टॉक या दुसऱ्या साइटला ती मर्यादा २५ डॉलर आहे. नवख्याला पहिले २५ डॉलर जमवायला कित्येक महिने लागू शकतात.

विकायला काय ठेवायचं, हा वेगळाच पेच. गड्ड्याच्या यात्रेत अक्षता सोहळ्याला पांढऱ्या बाराबंदीतले भक्त आणि सात नंदीध्वज यांच्यासारखं दृश्य दुसरीकडे मिळणार नाही. पण सह्या नसल्यानं तो फोटो फक्त ‘एडिटोरियल’ म्हणून जातो, म्हणजे बातमी-लेखापुरता, आणि अशा फोटोला मागणी तुटपुंजी. त्यापेक्षा पांढऱ्या कागदावर ठेवलेलं फोडलेलं डाळिंब जास्त चालतं, कारण ते कुठलंही असू शकतं. सोलापूरपण जितकं कमी, तितका खप जास्त. कीवर्ड लिहिताना हे फारच टोचतं. फोटोला पन्नासपर्यंत शब्द द्यायचे, आणि तेही इंग्रजीत. भाकरी ‘फ्लॅटब्रेड’ होते, चादर ‘ब्लँकेट’, हुरड्याला शब्दच नाही म्हणून ‘सोरघम’ लिहून मोकळं व्हायचं. घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी बोलणारं पोर रात्री अकराला गूगलवर शेंगाचटणीचं इंग्रजी शोधत बसतं.

आता तर पायरी आणखी खाली गेली आहे. २०२२ मध्ये शटरस्टॉकनं ओपनएआयशी हातमिळवणी जाहीर केली आणि एआयच्या प्रशिक्षणासाठी वापरल्या गेलेल्या फोटोंच्या मालकांसाठी एक निधी काढला. त्याच वर्षी अडोबी स्टॉकनं एआयनं बनवलेली चित्रं विकायला परवानगी दिली. गेटीनं उलट ती नाकारली आणि २०२३ मध्ये एआय चित्रांचं तंत्र बनवणाऱ्या स्टॅबिलिटी एआयला कोर्टात खेचलं. जानेवारी २०२५ मध्ये गेटी आणि शटरस्टॉक यांनी आपण एक होणार असल्याचं जाहीर केलं.

एआयनं काढलेल्या मागाच्या चित्रात उभे धागे मध्येच कुठंतरी हवेत विरून जातात, आडवा धागा ज्यावरून यायला हवा ते धोटंच नसतं, आणि तरी खाली अख्खी चादर विणून तयार असते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मागावर काम केलेला कुणीही ते बघून हसेल. पण चित्र विकत घेणारा डिझायनर तिकडे कुठल्यातरी देशात बसलेला असतो, आणि त्यानं माग कधी पाहिलेला नसतो.